उन्हात ठेवलेली दूधगाडी

पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं यात नवल काही नाही. माणसं पिवळी पडतात, तिथे प्लास्टिकची काय कथा! नवल असलंच तर ते पुन्हा पांढरं करता येतं याचं, आणि त्या नवलावर एका माणसाचा संसार चालला होता. त्याला सगळे पॉलिश म्हणत. खरं नाव होतं, पण ते आता विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. बायकोसुद्धा माहेरी बोलताना "आमचे पॉलिश" म्हणायची आणि स्वतःच हसायची. ती हसायची तेव्हाची ही गोष्ट नव्हे, त्यानंतरची आहे.

त्याचं काम तळहातावर मावणाऱ्या जुन्या मॉडेल गाड्यांचं. शौकीन लोक त्या काचेच्या कपाटात मांडून ठेवतात आणि वर्षानुवर्षं बघत बसतात. धातूचा सांगाडा टिकतो, चाकं फिरतात, पण टप, बंपर, दिव्यांच्या काचा, असं जे जे प्लास्टिकचं असतं ते उजेड खाऊन खाऊन चहाच्या रंगाचं होतं. पॉलिश गाडी खोलायचा, भाग साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि त्यांवर केसांचा रंग उडवायचं क्रीम ब्रशने लावायचा. सलूनमध्ये वापरतात तेच. वरून पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि ट्रे गच्चीवर उन्हात ठेवायचा. उन्हानेच पिवळं चढतं आणि क्रीम लावलं की उन्हानेच उतरतं. ज्याने दुखणं दिलं त्याच्याकडेच औषध. काम सोपं, पण जागचं हलायची सोय नाही. क्रीम कुठे वाळलं तर प्लास्टिकवर ढग उठतात, आणि मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते जात नाहीत. म्हणून दिवसभर स्टुलावर बसायचं, मधूनमधून क्रीम सारखं करायचं, आणि मुख्य म्हणजे ट्रेवर सावली पडू द्यायची नाही. सावली पडली की तेवढा तुकडा पिवळा राहिलाच म्हणून समजा.

या धंद्यात डोळा एका गोष्टीला सरावतो, ती म्हणजे कोरी जागा. पिवळ्या पडलेल्या गाडीवर कुठेतरी मूळचा पांढरा रंग शाबूत असतो, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो. वर स्टिकर असतो, शेजारची गाडी टेकलेली असते, कपाटाची पट्टी आड आलेली असते. त्या जागेची कड बघून पॉलिश सांगायचा की आड आलेली वस्तू कधी हलली. वस्तू उचलली की कोऱ्या जागेलाही ऊन लागायला लागतं आणि कड विरते, दूध सांडल्यासारखी पसरट होते. कड सुरीने कापल्यासारखी असेल, तर वस्तू आत्ताच उचलली किंवा अजून उचललेलीच नाही. हे त्याने बायकोला शिकवलं होतं. पोरीलाही.

पोरीला घरात बिट्टी म्हणत. शाळेतून आली की दप्तर फेकून ती थेट गच्चीवर. समोर उभी राहिली की ट्रेवर सावली पडायची आणि हा मान वर न करता ओरडायचा, "सावली पाडू नकोस!" मग ती मागे जायची, त्याच्या पाठीवर हात टेकायची आणि खांद्यावरून डोकावत राहायची. कानामागे खोचलेला ब्रश तो गच्चीभर शोधत फिरला की शाळेत नुकतीच शिकलेली म्हण ती त्याच्यावर फेकायची, "काखेत कळसा, गावाला वळसा!" आणि त्याचा हात कानाकडे जाईपर्यंत खिदळायची. एकदा कपाटाच्या दारात तिची उजवी करंगळी चेमटली. हाड जुळलं, पण करंगळीचं टोक बाहेरच्या बाजूला कललेलं राहिलं. पुढे आठवं सरता सरता तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

पॉलिश तेव्हा रडला नाही. आले-गेले म्हणाले, घट्ट मनाचा माणूस आहे. घट्टबिट्ट काही नव्हतं. आत हात घातला तर हाताला काही लागतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ असतो तसा तो झाला होता. ओठ आपलाच, पण चावला तरी कळत नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. बायको एकदा म्हणाली, "एकदा रडून घ्या हो. मी एकटीने किती रडू?" त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. न्हाणीघरात नळ सोडून बसला, आणि तोंड धुऊन बाहेर आला. बायकोची थोरली बहीण तिला आपल्याकडे राहायला बोलावत होती. बायको अजून हो म्हणाली नव्हती, एवढ्यावरच ते घर उभं होतं.

अशात एका घड्याळजीची मॉडेल बस आली. टपावर चार फिकट ठिपके एका ओळीत. कड पार विरलेली. जुन्या गोंदाचे डाग असतील म्हणून पॉलिशने क्रीम लावलं आणि बस पांढरी करून दिली.

त्यानंतर बँकेतल्या कारकुनाची जीप आली. तिच्या टपावर चार ठिपके आणि बाजूला पाचवा. ते ठिपके लांबट होते, आणि कड जरा बरी होती.

"घरात लहान मुलं आहेत का?" पॉलिशने विचारलं.

"आहेत की दोन कार्टी. पण त्या कपाटाला हात लावायची टाप नाही कुणाची. माझ्या लग्नाआधीपासून जीप काचेआड आहे. का हो?"

"काही नाही. सहज."

सहज नव्हतं. बोट लागल्याने डाग पडतो तो घामाचा, तो धुतला की जातो. बोटाच्या आकाराची जागा कोरी राहायची, तर बोट तिथे राहायला हवं. प्लास्टिक पिवळं व्हायला जितकी वर्षं लागतात तितकी वर्षं, न हलता. असं बोट कुणाचं असणार? पॉलिशने डोकं खाजवलं आणि मग ती जीपही पांढरी केली. काम ते काम.

तिसरी गाडी घेऊन दाताच्या डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती. गाड्यांचा नाद त्यांच्या नवऱ्याला. तो वारला आणि कपाट यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक दूधगाडी काढली. मागचा डबा सगळा पांढऱ्या प्लास्टिकचा, म्हणजे एके काळी पांढरा.

"आयुष्यभर लोकांचे दात पांढरे केले, पॉलिशवाले," त्या म्हणाल्या, "आता तुमच्यापुढे हात पसरायची वेळ आली. तुमचं औषध आमच्यापेक्षा जहाल दिसतंय."

"आमचं गिऱ्हाईक ओरडत नाही, बाई. तेवढाच फरक."

त्या मनापासून हसल्या. मग कापडाची घडी करता करता म्हणाल्या, "यांनी ही कुणाला धरूच दिली नाही कधी. आणि आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे कपाटाची किल्ली काय ती यांच्याच खिशात."

त्या गेल्यावर पॉलिशने दूधगाडी उजेडात धरली.

डब्याच्या टपावर हात होता. चार बोटं, अर्धा तळवा, आणि बाजूच्या भिंतीवर वळलेला अंगठा. मूल जमिनीवर गाडी ढकलताना वरून धरतं तसा. चहाच्या रंगात ती बोटं चुन्यासारखी पांढरी दिसत होती. करंगळीचं टोक बाहेरच्या बाजूला कललेलं होतं. आणि कड इतकी धारदार होती की त्याने नकळत नख लावून पाहिलं.

त्याने हिशेब केला, कारण हिशेब करता येत होता. रंगावरून बघता दूधगाडी कपाटात गेली तेव्हा बिट्टी जन्मायची तर सोडाच, बिट्टीची आईसुद्धा शाळेत होती. तो स्टुलावर बसला आणि आपल्याला आता काय वाटेल याची वाट पाहू लागला. काही वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, एवढं मात्र त्याला वाटलं.

बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. चहा घेऊन ती वर आली, कप ठेवायला जागा शोधताना तिचं लक्ष गाडीकडे गेलं, आणि तिने कप सरळ जमिनीवर ठेवला. गाडी उचलली. स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेली. त्या पांढऱ्या बोटांवर तिने आपली बोटं ठेवून पाहिली. तिची मोठी पडली.

"कुणाची आहे?"

"दाताच्या डॉक्टरीणबाईंची."

"करंगळी बघितलीत?"

"बघितली."

"मग?"

"मग काय? कोरी जागा आहे. राहते कधीकधी."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. "ही पांढरी करू नका," ती म्हणाली. "मी जाते त्या बाईंकडे. पाया पडते, काय वाटेल ते करते. गाडी मागून घेते. पण हिला क्रीम लावू नका. एवढं ऐका माझं."

"बरं," पॉलिश म्हणाला. आणि त्याने ते खरंच मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन फार छान पडलं. बायको दुकानात गेली. संध्याकाळी परस्पर डॉक्टरीणबाईंकडे जाणार होती. पॉलिशने ट्रे गच्चीवर आणला, दूधगाडीचा बंपर आणि दिवे मांडले, क्रीमचं भांडं उघडलं. हात काम करत होते, तो कुठेच नव्हता. बंपर झाला, दिवे झाले. ब्रश कशावर तरी सपाट, रुंद फिरतोय असं त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने खाली पाहिलं. दूधगाडीचा डबा त्याच्या डाव्या हातात होता आणि अर्ध्या टपावर क्रीम बसलं होतं.

धुऊन टाकता आलं असतं. पण क्रीम ऊन पिऊन बसलं होतं, आणि अर्धवट सोडलं तर मधोमध रेघ राहते. ती रेघ जन्मात जात नाही. अशी रेघ असलेली गाडी त्याच्या हातून आजवर गेली नव्हती. त्याला एका क्षणात दोन्ही दिसलं, बायकोचा चेहरा आणि ती रेघ. त्याने ब्रश पुन्हा भांड्यात बुडवला आणि उरलेला टप पुरा केला.

संध्याकाळी डबा दुधासारखा पांढरा होता. बोटं पुसली गेली नव्हती, सगळी गाडीच बोटांच्या रंगाची झाली होती. ती बोटं तिथे आहेत हे त्याला माहीत होतं, पण कुठे बोट संपतं आणि कुठे गाडी सुरू होते हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

बायको जिना धावत चढली. "हो म्हणाल्या त्या! म्हणाल्या, घेऊन टाका..." आणि ती थांबली.

ती ओरडली नाही. गाडी हातात घेऊन उजेडात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा. मग विचारलं, "तुम्हाला खरंच काही होत नाही?"

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलायलाही आत काहीतरी लागतं.

"उन्हाळा संपला की मी ताईकडे जाते," ती म्हणाली. "कायमची."

पॉलिशने नवीन कामं घेणं बंद केलं. डॉक्टरीणबाई तेवढ्या एकदा येऊन दूधगाडी बघून गेल्या. "पांढरी झाली आणि कवळीसारखी दिसायला लागली," त्या म्हणाल्या. "राहू द्या तुमच्याकडेच."

आणि पॉलिशने जन्मात न केलेली गोष्ट केली. क्रीम न लावता दूधगाडी गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. एकदा क्रीम खाल्लेलं प्लास्टिक भराभर पिवळं पडतं, ही त्या धंद्यातली खोड त्याला माहीत होती. तो हात पुन्हा आला तर त्याची जागा कोरी राहील. येईल का, कसा येईल, हे प्रश्न त्याने स्वतःला विचारले नाहीत. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे करायचं. अंगातला सदरा काढून तो स्टुलावर बसे, पाठ उन्हाला आणि डोळे गाडीवर. गाडीवर सावली पडू नये म्हणून स्टूल जरा बाजूला. बायको कामावर जाताना खालून वर बघे आणि निघून जाई.

दूधगाडी आधी सायीच्या रंगाची झाली, मग लोण्याच्या, मग जुन्या कागदाच्या. सगळीकडून सारखी. बोट नाही, ठिपका नाही. रोज उन्हं उतरली की तो तिला हातात घेऊन फिरवून बघे आणि परत ठेवून देई.

एका दुपारी गच्ची इतकी तापली होती की कठड्यापलीकडची हवा थरथरत होती. खालच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पॉलिश गाडीकडे बघता बघता मोठ्याने म्हणाला, "पाड सावली. आज चालेल."

गाडीवर ऊन तसंच राहिलं.

उन्हाळा संपला. बायकोने दोन पिशव्या भरल्या आणि सकाळी दाराशी आणून ठेवल्या. पॉलिश दूधगाडी घेऊन खाली आला, तसाच, उघड्या अंगाने. त्याने गाडी जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवली. चहाच्या रंगाची. सगळीकडून सारखी.

"नाही आली," तो म्हणाला.

सगळ्या उन्हाळ्यात तो पोरीबद्दल एवढंच बोलला. बायकोने गाडीला हात लावला नाही. "येते मी," म्हणाली.

तो माठातलं पाणी घ्यायला वळला. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं.

मागे पिशवी उचलल्याचा आवाज आला. मग ती खाली ठेवल्याचा.

"हलू नका," बायको म्हणाली.

"काय झालं?"

"पाठ."

"भाजली असेल. उन्हात होतो."

"भाजलीच आहे. काळी ठिक्कर पडलीय." तिचा आवाज अगदी जवळ आला. "एवढी जागा सोडून."

पेला पॉलिशच्या हातात अर्धा भरलेला होता.

"चार बोटं आहेत," ती म्हणाली. "तळवा आहे. अंगठा मणक्याकडे."

"करंगळी?"

"बाहेर कललीय."

खालच्या रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. पॉलिशने धंद्यातला एकच प्रश्न विचारला, जो तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल विचारत आला होता.

"कड कशी आहे?"

बायकोने चष्मा कपाळावर सरकवला. तिचा श्वास त्याच्या पाठीला लागला. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"कापल्यासारखी," ती म्हणाली.

दोघंही जागचे हलले नाहीत.

"काही कळतंय का तुम्हाला?" तिने हळूच विचारलं. "पाठीवर? आत्ता?"

"नाही," पॉलिश म्हणाला, आणि हे "नाही" म्हणताना त्याला पहिल्यांदाच लागलं.

समोरच्या भिंतीवर उन्हात दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. दोनच. तिसरी पाडायची नाही, हे त्यानेच पोरीला शिकवलं होतं.